चोरओटीचं पोलकं

माझ्या ट्रंकेत तळाशी एक हिरव्या खणाचं पोलकं आहे. माझ्याच हातचं. उलटं करून बाजूच्या शिवणी बघाल तर टीप उसवून पुन्हा मारल्याच्या खुणा दिसतील. आत घेतलंय, अजून आत घेतलंय, मग सोडलंय. आमच्या वाडीतल्या बायकांची पोलकी मीच शिवते, त्यामुळे कुणाचं अंग सुटलं नि कुणाचं उतरलं हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. माझं मात्र मला कळलं नाही.

ज्यांच्या घरात डोक्याच्या गोळ्या येतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे असं उघड कोणी म्हणत नाही. "तिला जरा अशक्तपणा हाय" म्हणतात. अशक्तपणा कसला डोंबलाचा! भरली घागर घेऊन मी घाटी चढत होते. मला वेड लागलं होतं. शब्द काही अंगाला चिकटत नाही, म्हणून वापरते.

*

आमची वाडी लांज्यापासून आत, डोंगराच्या पोटाशी. घरात मी, माझी मुलगी मंगल आणि आत्या, म्हणजे माझी सासू. आमचे हे मुंबईला एका बेकरीत भट्टीवर. घरी यायचे ते गणपतीला नि शिमग्याला.

त्या वर्षी भातकापणी झाली नि माझी झोप गेली. आधी वाटलं, दमणूक. मग विहिरीवर गेलं की आतून कोणीतरी माझं नाव घ्यायला लागलं. पुढे पुढे ते घरात आलं, उतरंडीच्या मागे. एका दुपारी मी सगळी मडकी फोडली, कोण लपलंय ते बघायला. आत्यांनी अंगारा लावला, मीठमिरच्या ओवाळल्या, देवीला नारळ बोलल्या, आणि कशानेच गुण येईना तेव्हा मुंबईला तार केली. हे आले ते तडक मला एस्टीत घालून रत्नागिरीला घेऊन गेले.

निघताना मंगलने माझ्या पदराचं टोक दातांत धरलं होतं. चार वर्षांची पोर, पण सोडीना. आत्यांनी तिचा जबडा दाबून पदर सोडवला. मी तिथेच उभी होते, पण माझं लक्ष मागच्या आवाजाकडे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आवाज बाईचा की पुरुषाचा?" इतके दिवस सगळे सांगत होते की आवाज नाहीच. कोणीतरी तो कसा आहे ते विचारलं, ह्याचंच मला बरं वाटलं. म्हटलं, "माझ्या मेलेल्या मावशीसारखा." मग ते ह्यांना म्हणाले, "हा आजार आहे. बाहेरचं काही नाही. गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील."

हे म्हणाले, "बराच म्हंजे शिमग्यापर्यंत?"

डॉक्टरांनी मला दाखल करून घ्यायचा कागद लिहायला घेतला.

*

इस्पितळात दिवस सगळे एकसारखे. सकाळी चहा, मग रांग, मग गोळी, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. सिस्टर बॅटरी मारून बघायच्या. दुपारी रांग, संध्याकाळी रांग. थोड्या दिवसांनी मावशीचा आवाज लांब लांब गेला आणि बंद झाला. त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच बंद झालं. बाहेर पाखरं ओरडायची ती ऐकू यायची, पण ऐकून पुढे काही व्हायचं नाही. भीती नाही, आनंद नाही, घरची ओढ नाही. मंगल आठवायची. तिचा चेहरा दिसायचा, आणि मी तो बघत बसायची, भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसा.

भूक मात्र राक्षसासारखी. माझं संपलं की मी शेजारणीच्या ताटाकडे बघायची. शेजारच्या खाटेवर दाभोळच्या हमीदाबी होत्या. त्यांचा नवरा आखातात, दीर मासेमारीच्या मचव्यावर. त्यांनी एकदा स्वतःची चपाती माझ्या ताटात टाकली.

"खा गो. भूक तुजी नाय, गोळीची हाय. पन पोट तर तुजाच हाय ना!"

तिथे असताना मी हसले असेन तर तेवढंच. हसू चेहऱ्यावर आलं, आत काही पोचलं नाही. पण त्यांना बरं वाटलं असणार.

*

शिमग्याच्या आधी मला घरी सोडलं. वाडीत शिरले तशा बायका कामं टाकून बांधावर आल्या. वरच्या घरची पारूकाकी तर हात लावून बघायला लागली.

"अगो बाय, काय अंगान भरलीस! रत्नांग्रीचा पानी मानवला तुला!"

आमच्याकडे अंग धरलं म्हणजे माणूस बरं झालं. हाडं दिसली की आजार, गाल आले की प्रकृती. दुसरी मोजणी कोणाला ठाऊक नाही. मी लठ्ठ झाले होते, म्हणजे मी बरी होते. जुन्या पोलक्यांमध्ये जितकी माया ठेवली होती, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ती सगळी सोडली तरी हात आत जाईना.

फक्त एका गोष्टीत आत्यांचा विश्वास नव्हता. मंगलला त्या आपल्याजवळ निजवायच्या. "बगू अजून काय दिवस," म्हणायच्या. मडकी फोडणाऱ्या बाईजवळ पोर कशी निजवणार! मला मंगल माझ्या कुशीत हवी होती. हवी होती असंही नाही म्हणता येत. असं हवं असतं, एवढी आठवण होती, आणि ती आठवण मी घट्ट धरून ठेवली होती.

शिमग्याला हे आले, पालखी नाचली, ढोल वाजले, हे गेले. मी मशीनवर बसून टिपा मारत होते.

*

आमच्या घरात तेव्हा बाईने महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. त्यामुळे कोणाचं काय चाललंय हे लपत नाही. आंबे उतरवायच्या दिवसांत आत्या सुपात तांदूळ पाखडता पाखडता थांबल्या.

"कुसमे, तू भायेर कवा बसलीस गो?"

मी आठवून बघितलं. "नाय बसलं. घरी आल्यापास्नं नाय."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्या पोटाकडे बघितलं. पोट होतंच, दिसण्यासारखं. त्यांचे डोळे भरून आले.

"आनि सांगत नायस व्हय गो येडे! शिमग्याचा हाय ता."

मला खरंच वाटलं नव्हतं, आणि खोटंही वाटलं नव्हतं. माझी पाळी त्याआधी इस्पितळातही आली नव्हती, पण तिथे कोण मोजतंय. डॉक्टरांना मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दिवस गेले म्हणतात तर गेले असतील, एवढंच मनात आलं. मंगलच्या वेळी माझं नाचायचं तेवढं बाकी होतं. ह्या वेळी उठून भांडी घासायला गेले.

त्याच दिवशी आत्यांनी गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला. "पोटुशी बाईन असली कडक औशदा खाव नये. पोराला बाधतील." रत्नागिरीची तारीख होती, तिथेही जायचं नाही ठरलं, कारण एस्टीचे गचके. त्या वाईटावर नव्हत्या. जगातली कुठलीही शहाणी सासू हेच करील.

देवळात गुरवाकडून कौल लावला. मुलगा की मुलगी? पाकळी उजवी पडली. मुलगा. मूल आहे की नाही हे मात्र कोणी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देवीने तरी कशाला द्यावं!

त्या दिवसापासून मंगल माझ्याजवळ निजायला लागली. नातू देणारी सून म्हणजे बरी झालेली सून.

*

गोळ्या बंद झाल्या नि आठवड्याभरात मला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंगाला थरथर, पायांना चैन नाही, सकाळी उठलं की मळमळ. आता डॉक्टर सांगतात की गोळ्या एकदम तोडल्या की असं होतं. तेव्हा पारूकाकी टाळ्या वाजवत म्हणाली, "बगा, म्हटला नव्हता मी!" सगळ्या विचारायच्या, काय खावंसं वाटतंय. मला काहीच खावंसं वाटत नव्हतं. राक्षसाची भूक एका झटक्यात गेली होती. पण बायका आशेने बघत होत्या, म्हणून मी म्हटलं, "चिंच."

तिसरा महिना धरून चोरओटी भरली. ही गाजावाजा न करता भरायची असते. चार घरच्या बायका आल्या, दार अर्धं लोटलं, तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवा चुडा, हिरवा खण. पोट वाढणार म्हणून त्या खणाचं पोलकं मी मुद्दाम ढिलं शिवलं, आत भरपूर माया ठेवून.

आणि त्याच सुमाराला मला वाटायला लागलं. म्हणजे, वाटणं परत आलं. कोणीतरी डोक्यावरचं जड इरलं काढून घ्यावं तसं झालं. कापा फणस फोडला त्याचा वास थेट पोटात गेला. मंगलचे केस विंचरताना मला रडू फुटलं, उगीच, तिचे कान किती लहान आहेत म्हणून. आणि मग मला ते बाळ आवडायला लागलं. इतके दिवस आत्यांचं होतं, आता माझं झालं. जुन्या धोतराची दुपटी शिवली. शिवताना मी त्याच्याशी बोलायची. सुख म्हणतात ते मला त्या दिवसांत झालं, हे सांगायला मी लाजत नाही.

फक्त पोलकं ढिलं होत चाललं. एकदा बाजू आत घेतली. म्हटलं, ओकाऱ्यांनी अंग उतरलं असेल. पंधरवड्याने पुन्हा घेतली. लावणीच्या दिवसांत टेप लावून बघितली, आणि हातातली टेप तशीच राहिली. दंड उतरले, पाठ उतरली, ते ठीक. पण कंबर उतरत होती, आणि ती तर वाढायला हवी होती. कापड खोटं बोलत नाही. मी टेप गुंडाळून मशीनच्या खणात टाकली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

बाहेर बायका म्हणायच्या, "बारीक दिसतंस गो." झोप गेली होती तीही कोणी धरली नाही. पोटुशीला झोप कुठली!

श्रावणात मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आत्या चुलीपाशी होत्या. मला तिथे बसलेली बघितली आणि त्यांच्या हातातली पळी चुलीत पडली. मग त्यांनी जे रडं काढलं! मी माझ्या आईच्या वेळी रडले नसेन तितकं. वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्या आल्या, पोट चाचपलं. "जिरला गो. गर्भ जिरला." बाळंतिणीसारखं मला निजवलं, सुंठ-गूळ दिला, डोक्याला फडकं बांधलं.

पण मला तो रडताना ऐकू येत होता.

*

आमच्या घराखाली पऱ्या आहे, पावसात तो भरून वाहतो. रडणं तिथून यायचं. एका सकाळी आत्या गोठ्यात होत्या. मी ते हिरवं पोलकं घेतलं, त्यात गुंडाळून आणायचं म्हणून, आणि खाली गेले. मंगल पाठोपाठ आली. मी तिचा हात धरला. पाणी लाल, जोराचं. मला वाटलं, पलीकडच्या दगडामागे आहे तो.

पारूकाकी वरून ओरडली. ती काय ओरडली ते मला आठवत नाही. तिने उडी टाकली आणि मंगलला काखोटीला मारून वर काढलं. मंगल गळ्यापर्यंत भिजली होती, आणि हिरवं पोलकं माझ्या मुठीत होतं. तिचा हात मी धरलेला होता की सुटला होता, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

त्यानंतर मंगलला माझ्यापासून उचलून नेलं आणि आत्यांच्या खोलीला आतून कडी लागली.

*

गणपतीला हे आले. विसर्जन झालं, तशी मला रत्नागिरीला नेली. ह्या वेळी आत्याही आल्या, मंगलला पारूकाकीकडे ठेवून. तेच डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि खुर्ची पुढे ओढून आत्यांनाच सांगितलं.

"आजी, हिला दिवस गेलेच नव्हते. ह्या गोळ्यांनी काही बायकांची पाळी थांबते, अंग सुटतं. गोळ्या बंद केल्या तसं अंग उतरलं, पाळी आली. आणि आजारही परत आला."

"जिरला म्हनायचा," आत्या म्हणाल्या.

"जिरला नाही. नव्हताच."

आत्यांना समजायला वेळ लागला. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या पोटाकडे, मग डॉक्टरांकडे. शेवटी अगदी हळू विचारलं, "मंग आमी ओटी कुनाची भरली?"

ह्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मी मोठ्याने रडत होते. ते बाळ नव्हतं, हे मला मेल्यापेक्षा वाईट वाटलं. मेलेल्याला निदान कोणीतरी खांद्यावर नेतं.

गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "अंग परत सुटंल?" ते म्हणाले, "सुटेल. थोडं जपून खायचं. मात्रा कमी करत जाऊ, पण मी सांगीन तेव्हा, मी सांगीन तशी." निदान खोटं बोलले नाहीत.

एस्टी स्टँडवर ह्यांनी मला सांगितलं. आवाज चढवून नाही, खाली बघत. "शिमग्यापर्यंत बगतो. तू नीट ऱ्हायलीस तर ऱ्हायलीस. नायतर मंगलला मी मुंबईला नेतो. तिथं माजी ताई बगंल तिला." मी मान हलवली. तेव्हा अजून वाटत होतं, त्यामुळे ते चांगलंच लागलं. पुढे गोळ्या भिनल्या आणि ते वाक्य नुसतं वाक्य राहिलं. पण विसरले नाही.

*

गोळी मी रोज आत्यांसमोर घ्यायची आणि जीभ वर करून दाखवायची. तसं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा केलं तेव्हा आत्या दचकल्या. मग रोज बघायला लागल्या, तोंडाजवळ चिमणी आणून.

आवाज गेला. वाटणंही गेलं, पण ह्या वेळी पहिल्याइतकं नाही. भूक आली. मी एक भाकरी कमी खायची आणि पेजेवर भागवायची, तरी अंग सुटलंच. हिरव्या पोलक्याची जी बाजू आत घेतली होती ती सोडली. पाळी पुन्हा चुकली, तरी आत्यांनी गोळी चुकू दिली नाही. मंगल दुसऱ्या खोलीत निजायची आणि सकाळी दारातून मला बघायची. हाक मारली तर यायची, पण हाताच्या अंतरावर थांबायची.

शिमगा आला तशी पोलक्यांची गर्दी झाली. आमच्या पुढच्या पडवीत बायका बसलेल्या. पारूकाकी माप द्यायला उभी, मी तिच्या पाठीला टेप लावलेली. तिने वळून माझ्या पोटाकडे बघितलं आणि डोळे मोठे केले.

"काय गो कुसमे, परत दिस गेले काय?"

आत्या कोपऱ्यात चवळी निवडत होत्या. दीड वर्ष त्यांनी वाडीला अशक्तपणाच सांगितला होता. इस्पितळातून मी आले तेव्हाही, पऱ्यावरून मला ओढून आणलं तेव्हाही. मला वाटलं, आताही काहीतरी सांगतील, वारा धरलाय म्हणतील.

आत्यांनी मान वर केली नाही. "दिस नाय गेले. डोक्याच्या औशदान सुटलाय अंग तिचा. डोका फिरला व्हता, औशद चालू हाय. मी सोता देतंय." मग चवळीतला खडा काढून अंगणात फेकला. "परत कोन इचारू नका तिला. मला इचारा."

पारूकाकी म्हणाली, "गळा जरा मोठा कर गो," आणि मी माप लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे यायचे होते. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा आत्यांनी मंगलची वाकळ काखेत घातली, माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या वाकळीशेजारी ती पसरली. म्हणाल्या, "त्याला मी सांगतंय काय सांगायचा ता. पोर खय जानार नाय. आयशीकडं निजंल."

मंगल भिंतीला चिकटून निजली, माझ्याकडे पाठ करून. मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. आत हात घालून बघितलं तर काही लागेना. पण काय करायचं असतं ते मला आठवत होतं. मी माझ्या पदराचं टोक काढून तिच्या मुठीत दिलं. तिने थोडा वेळ ते नुसतं धरलं, आणि मग तोंडात घेतलं.